दोन जिनिंगचा एक उतारा

माझा फोन वाजायचा बंद झाला हे आधी माझ्या ध्यानात आलं नाही. ते बायकोच्या ध्यानात आलं. कापसाचा हंगाम भरात होता. मी दुपारचा घरी जेवायला आलो होतो आणि ती वरण वाढता वाढता म्हणाली, "आज जेवन थंड नाही झालं तुमचं."

हंगामात माझं जेवण नेहमी गार व्हायचं. एक घास घ्यायचा आणि फोन घ्यायचा. फोरमन विचारायचा, खरेदीवाला विचारायचा, बोरगावच्या मुख्य ऑफिसातून मालकाचा पुतण्या विचारायचा. "दादा, तिगावच्या मालाचा उतारा किती पडला?" "दादा, मागच्या हप्त्याचा सांगता का?" मी म्हणायचो, "थांबा, काढून देतो." हे वाक्य म्हणताना माझा आवाज किंचित थकलेला असायचा. तो थकवा मी मुद्दाम आणत होतो. लोकांना माझ्यावाचून अडतं, हे मला फार आवडत होतं.

त्या दिवशी मी ताटावर बसून राहिलो आणि फोनकडे बघत राहिलो. फोन बिघडला नव्हता.

पांढुर्ण्याच्या एका जिनिंगमध्ये मी आकडे सांभाळतो. शेतकऱ्याचा कापूस घ्यायचा, सरकी आणि रुई वेगळी करायची, रुईच्या गाठी बांधायच्या, असं ते काम. आमच्या मालकाच्या दोन जिनिंग आहेत, एक इथे आणि दुसरी सौंसरला. शंभर किलो कापसातून किती किलो रुई निघाली त्याला उतारा म्हणतात. जिनिंगमध्ये बाकी सगळं विसरलं तरी चालतं, उतारा विसरून चालत नाही. कोणत्या गावचा कापूस घ्यायचा, कोणत्या फोरमनला शाबासकी आणि कोणाला बोलणी, सगळं त्यावर ठरतं. आणि कितीतरी वर्षं दोन्ही जिनिंगचा उतारा माझ्या शीटमधून निघत होता.

तो आता माझ्या साडभावाच्या मेजरमधून निघू लागला होता.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. आमची सासुरवाडी एकच, लोधीखेड्याची. मी मोठा जावई, तो लहान. त्याला सौंसरच्या जिनिंगमध्ये मीच चिकटवलं होतं. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान बसलं तेव्हा बायको माझ्या मागे लागली आणि मी मालकाकडे शब्द टाकला. शीट कशी भरायची तेही त्याला मीच दाखवलं. दिवाळीला तो अजून माझ्या पाया पडतो. माणूस वाईट असता तर माझं सोपं झालं असतं.

व्हिडिओ बघून बघून तो रिपोर्ट बनवायचं एक नवीन सॉफ्टवेअर शिकला. मी त्या वेळी हसलो होतो. मग एक दिवस मालकानं त्याला परवानगी दिली आणि पहिल्या वेचणीचा कापूस संपल्यावर दोन्हीकडच्या काट्यांचा आणि गाठींचा सगळा डेटा त्यात जाऊ लागला. आमचा फोरमन मोबाइल समोर धरून माझ्याकडे आला. "हे पाहा दादा. तिगाव दाबलं का तिगावचा उतारा. कालचा दाबला का कालचा. तुमाले तरास नाही आता."

तुमाले तरास नाही. तो भल्यासाठीच म्हणत होता.

मेजर म्हणजे काय ते मी सांगितलं पाहिजे, कारण माझा सगळा जळफळाट त्याच्याभोवती आहे. माझ्या शीटमध्ये उतारा हा आकडा असायचा. रोजच्या ओळीला एक. महिन्याचा हवा असला तर वेगळी शीट, गावाचा हवा असला तर आणखी वेगळी, आणि प्रत्येक ठिकाणी तेच गणित पुन्हा लिहायचं, खाली ओढायचं. साडभावानं आकडा ठेवलाच नाही. त्यानं आकडा काढायची रीत ठेवली. एकूण रुई भागिले एकूण कापूस, एवढीच रीत, आणि तिला नाव दिलं 'उतारा'. अशा रीतीला त्या सॉफ्टवेअरमध्ये मेजर म्हणतात, म्हणजे माप. आता पडद्यावर तुम्ही जे निवडाल, गाव, दिवस, जिनिंग, तेवढ्यापुरताच कापूस आणि तेवढ्यापुरतीच रुई घेऊन ती रीत तिथल्या तिथे उत्तर देते. एकदा लिहिली, की कोणत्याही रिपोर्टमध्ये, कोणीही वापरावी. लिहिणारा घरी झोपला असला तरी चालतं.

मी त्याला फोनवर विचारलं, "कसं काय जमवलं रे?"

"सिंपल आहे जी साडभाऊ," तो म्हणाला.

हे दोन शब्द मी कितीतरी दिवस मनात घोळवत होतो. आंघोळ करताना आठवायचे. मोटरसायकलला किक मारताना आठवायचे. सिंपल आहे जी. म्हणजे मी इतकी वर्षं करत होतो ते काय होतं?

त्याला खोटं पाडायचं म्हणून मी ते सॉफ्टवेअर शिकायला घेतलं. शिकायची आवड वगैरे काही नव्हती, हे मी इथे स्वच्छ सांगतो. दुपारी ऑफिसात सामसूम असते तेव्हा दार लोटून मी व्हिडिओ बघायचो. तो हिंदीत समजावणारा पोरगा माझ्या मुलापेक्षा लहान असेल. कोणी दार ढकललं की मी पडद्यावर शीट आणायचो, जसं काही वाईट बघत होतो.

काही आठवड्यांनी मी स्वतःचं एक मेजर बनवलं. माझ्या शीटमधली पद्धत तशीच त्यात घातली आणि साडभावाच्या मेजरशेजारी ठेवलं. दोन आकडे जुळले नाहीत. माझ्या हिशेबानं पांढुर्ण्याचा उतारा चांगला येत होता, त्याच्या हिशेबानं थोडा कमी. मला इतका आनंद झाला की मी उठून बाहेर चक्कर मारून आलो. सापडला, म्हटलं. गणित चुकलं त्याचं.

परत येऊन एकेक दिवस उघडून पाहिला. चूक माझी होती. मी रोजचा उतारा काढत होतो आणि महिनाअखेरीला त्या रोजच्या उताऱ्यांची सरासरी घेत होतो. ज्या दिवशी यार्ड भरून गाड्या आल्या तो दिवस आणि ज्या दिवशी तिगावहून एक छोटा टेम्पो आला तो दिवस, माझ्या शीटमध्ये सारख्या वजनाचे. टेम्पोतला निवडक कापूस चांगला उतरायचा आणि सगळा महिना वर उचलायचा. आमची जिनिंग सौंसरपेक्षा सरस आहे असं मी मालकाला कितीदा कळवलं होतं. ती सरस होती की टेम्पो सरस होता, कोण जाणे. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला एकदाही पडला नाही, कारण तो मला कोणी विचारला नाही.

मी माझं मेजर पुसून टाकलं. साडभाऊ बरोबर होता. त्याच्याविषयी माझ्या मनात जे होतं ते यामुळे कमी व्हायला हवं होतं. झालं उलटंच.

तेवढ्यात सौंसरची मशीन बिघडली. दुरुस्तीला दिवस लागणार होते आणि तिकडच्या यार्डात कापसाचे ढीग लागले होते. अशा वेळी नेहमी होतं तेच झालं. दोन फोरमन फोनवर बोलले आणि सौंसरचा कापूस ट्रकमध्ये भरून आमच्याकडे यायला लागला. आमच्याकडे पिंजला गेला, गाठी आमच्याकडे बांधल्या गेल्या. याचा कागद कधीच होत नाही. मालक एक, दोन्ही जिनिंग त्याच्याच, दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या सोयऱ्याधायऱ्यातली. मी नवा असताना एकदा पावतीचं विचारलं होतं तर जुना फोरमन म्हणाला होता, "घरचाच माल हाय बाप्पा. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेला तं पावती फाडते का कोनी?"

म्हणून कापूस मोजला जायचा सौंसरच्या काट्यावर, त्यांच्या नावावर. रुई निघायची आमच्याकडे, आमच्या नावावर. पूर्वी माझ्या शीटमध्ये मी तो हातानं वळता करायचो. किती ट्रक आले ते मला तोंडपाठ असायचं. तेवढा कापूस तिकडून वजा, इकडे जमा. हे मी कोणाला सांगितलेलं नव्हतं. लपवलं होतं असंही नाही. कोणी विचारलं नाही, आणि मला वाटायचं, आपल्याला माहीत आहे ना, बस.

साडभावाच्या मेजरला ते माहीत नव्हतं. ट्रक जाताना सगळ्यांनी पाहिले होते, पण घरच्या मालाचा उताऱ्याशी संबंध कोणी लावला नाही. पडद्यावर पांढुर्ण्याचा उतारा चढायला लागला आणि सौंसरचा उतरायला लागला. आमचा फोरमन चहा पाजत हिंडला. "यंदा आपन सौंसरवाल्याइले पानी पाजलं." मी चहा घेतला. पहिल्याच दिवशी मला कळलं होतं की हे कशामुळे. मी पडद्यावर सौंसरची पट्टी बघायचो, उतारा कमी म्हणून लाल झालेली, रोज थोडी खाली, आणि मला बरं वाटायचं. पोटात ऊब यावी तसं. हे लिहिताना लाज वाटते, पण बरं वाटायचं हे खरं आहे.

हंगाम संपत आला तेव्हा मालकानं कळवलं की पुढच्या हंगामापासून दोन्ही जिनिंगचे आकडे एकाच माणसाकडे राहतील. बोरगावला बैठक होईल, हंगामाचा आढावा होईल, त्यात ठरेल. एक माणूस म्हणजे मी किंवा साडभाऊ. तिसरं कोणी नव्हतं.

बैठकीच्या आधीच्या रविवारी लोधीखेड्याला आमरसाचं जेवण होतं. सासूबाई दरवर्षी दोघी लेकी आणि दोघा जावयांना बोलावतात, रस आणि मटक्यावरच्या लांब रोट्या करतात. सासऱ्यांना मी मामाजी म्हणतो. त्यांनी पाटावर बसता बसता विषय काढलाच.

"लहाने जवाई, तुमचं ते मशीन का काय, मले दाखवा बरं मोबाइलात."

"मशीन नाही मामाजी. मेजर आहे."

"फौजेतला?"

सगळे हसले. साडभावानं मोबाइल पुढे केला, पण त्याचा चेहरा उतरलेला होता. मामाजींनी चष्मा वर करून पाहिलं. "हे लाल काय आहे?"

"आमचं सौंसर," तो म्हणाला.

"अन् हिरवं?"

"पांढुर्णा."

"मंग मोठे जवाई जितले म्हना की," सासूबाई म्हणाल्या आणि माझ्या वाटीत रसाची पळी ओतली. मी नको नको म्हणत हात आडवा धरला. रस फार गोड होता.

जेवण झाल्यावर मागच्या अंगणात हात धुताना साडभाऊ माझ्याजवळ आला. बायका आत होत्या. त्यानं माझ्या हातावर तांब्यानं पाणी घातलं.

"साडभाऊ, एक विचारू? सौंसर इतकं खाली काऊन जाऊन राहिलं, मले समजून नाही राहिलं. फॉर्म्युला दहादा पाह्यला. बरोबर आहे. शेठजी म्हनते रुई कुठं जाते. फोरमनवर शक आहे त्याइचा, अन् फोरमनले वाटते का मीच आकडे फिरवून राहिलो. तुमाले काही सुचते का?"

मी हात पुसले. सावकाश पुसले.

"पाहतो," मी म्हणालो.

"पाहा जी. तुमाले जुनं सगळं माहीत आहे."

मला तेव्हाच सांगता आलं असतं. एक वाक्य होतं. पण मला ते वाक्य बोरगावला म्हणायचं होतं, मालकासमोर. त्याला वाचवायचं तर होतंच, त्यात माझ्या मनात शंका नव्हती. मला फक्त हे हवं होतं की वाचवणारा मी आहे हे सगळ्यांनी पाहावं.

बैठकीत मालकानं भिंतीवर तो रिपोर्ट लावायला सांगितला. लाल पट्टी भिंतीएवढी झाली.

"काय भाई," मालक सौंसरच्या फोरमनला म्हणाला, "तुमच्याकडची रुई उडून जाते का?"

"शेठजी, मी इतक्या सालापासून हाओ. मी चोर हाओ का?"

"मी चोर नाही म्हनलं. मी विचारलं."

साडभाऊ उभा राहिला. त्याच्या शर्टाची पाठ भिजलेली होती. "शेठजी, फॉर्म्युला बरोबर आहे. मी चेक केला."

"मंग फॉर्म्युला बरोबर, फोरमन बरोबर, अन् रुई गायब?"

तेव्हा मी घसा साफ केला. कसं बोलायचं ते मी मोटरसायकलवर पाठ करत आलो होतो. सौंसरची मशीन बंद होती, कापूस आमच्याकडे आला, काटा त्यांचा, गाठी आमच्या, त्यामुळे इकडे फुगवटा आणि तिकडे खड्डा. कोणाची चोरी नाही. कोणते ट्रक, साधारण किती कापूस, सगळं तोंडपाठ सांगितलं. शेवटी मी साडभावाकडे वळलो आणि म्हणालो, "सिंपल आहे."

सौंसरचा फोरमन माझे हात धरायला पुढे आला. मालक मोकळा हसला. ते क्षण, खरं सांगतो, अजूनही आठवले की चांगले वाटतात.

मग मालकानं हसू थांबवलं. "हे तुले कवापासून माहीत हाय?"

"सुरुवातीपासून, शेठजी."

"म्हंजे? दरसाली होते हे?"

"मशीन बंद पडली का होते. मी शीटमध्ये हातानं वळतं करत होतो."

"कुठं लिहून हाय?"

"लिहून नाही. ध्यानात राहते."

"अजून काय काय हाय तुह्या ध्यानात?"

मला हा प्रश्न कौतुकाचा वाटला. मी उत्साहानं म्हणालो, "बरंच आहे."

मालक खुर्चीत मागे टेकला. तो रागावला नव्हता. थोडा घाबरल्यासारखा दिसला. "अन् तू बिमार पडला तं? माही जिनिंग तुह्या डोक्यात चालते का रे?" मग साडभावाकडे बोट करून म्हणाला, "दोन्हीकडचं हा पाहीन. तू याले डोक्यातलं सगळं दे. सगळं त्या मेजरात गेलं पाह्यजे. मले दोघांच्या भरवशावर नाही राहायचं."

साडभाऊ मान खाली घालून उभा होता. बाहेर गाड्यांपाशी तो माझ्याजवळ आला. मला वाटलं बोलेल. अंगणातल्या त्या तांब्याभर पाण्याचं काढेल. तो म्हणाला, "बरं झालं जी, सांगितलं. फोरमन वाचला." आणि गाडी सुरू करून सौंसरच्या रस्त्याला लागला.

बायकोला तिच्या बहिणीकडून सगळं कळलं होतं. ती माझ्याशी भांडली नाही. भाजी निवडत बसली होती. म्हणाली, "तुमाले ठाऊक होतं तं मले सांगाचं होतं. मी फोन केला असता. तिचा नवरा जेवत नोव्हता."

"मी सांगितलं ना पण."

"हो," ती म्हणाली. "लई मोठ्यानं सांगितलं."

मग आमच्या बैठका सुरू झाल्या. मी सौंसरला जायचो, त्याच्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचो, आणि तो विचारायचा. पावसाचे दिवस होते, जिनिंग बंद, यार्ड रिकामं. तो घाई करायचा नाही. मी एक गोष्ट सांगायचो आणि तो तिचं एक छोटं मेजर करायचा. काट्यावरचा कापूस. दुसरीकडून आलेला. दुसरीकडे गेलेला. प्रत्येकाला साधं मराठी नाव. मग त्या तिघांना जोडून 'पिंजलेला कापूस', आणि त्यावर 'उतारा'. एकातलं दुसऱ्यात, दुसऱ्यातलं तिसऱ्यात. उद्या कोणी गाठींचा रिपोर्ट केला, सरकीचा केला, तरी तेच 'पिंजलेला कापूस' उचलायचं, पुन्हा लिहायचं नाही. ट्रक गेला-आला की दोन्ही फोरमननी मोबाइलवर एक नोंद करायची, एवढंच त्यानं वाढवलं. घरच्या मालाला पहिल्यांदा पावती झाली.

ते बघताना मला सुतारकाम आठवायचं. नीट बसलेली खाच बघितली की हात फिरवावासा वाटतो तसं. आणि त्याच वेळी मत्सरानं माझा जीव जायचा, कारण लाकूड माझं होतं. माझ्या डोक्यातली एकेक गोष्ट उठून त्याच्या पडद्यावर जाऊन बसत होती आणि तिथे ती जास्त शहाणी दिसत होती.

"नावं तुमीच सांगा जी," तो म्हणायचा. "तुमची गोष्ट आहे."

मी म्हणायचो, "काहीही ठेव."

शेवटच्या दिवशी त्यानं विचारलं, "अजून काही?"

"नाही," मी म्हणालो. "इतकंच."

एक राहिलं होतं. पहिल्या वेचणीचा कापूस ओला असतो. सौंसरला तो कमी भावानं घेतात आणि न वाळवता तसाच मशीनवर टाकतात. आमच्याकडे पूर्ण भावानं घेऊन यार्डात वाळत घालण्याची पद्धत आहे. काट्यावर वजन ओल्याचं होतं आणि मशीनवर कापूस वाळून जातो. मधलं पाणी उडून गेलेलं असतं. तेवढी घट धरली नाही तर हंगामाच्या तोंडी पांढुर्ण्याचा उतारा खाली दिसतो. शीटमध्ये मी ती धरत होतो. साडभावाला मी सांगितलं नाही. विसरलो नव्हतो. त्याच्या तोंडून 'अजून काही?' ऐकलं तेव्हा ती गोष्ट माझ्या जिभेवर होती आणि मी तोंड मिटलं.

यावेळी मला मालकासमोर काही दाखवायचं नव्हतं. तो खेळ संपला होता. मला फक्त वाटलं, एक तरी माझ्याकडे राहू दे. हंगाम सुरू होईल, पांढुर्णा लाल दिसेल, आणि कोणाला तरी मला विचारावं लागेल.

दिवाळी झाली. कापूस यायला लागला. आमच्या यार्डात तो पसरला, बाया तो उलटापालटा करू लागल्या. पडद्यावर आमची पट्टी खाली जाऊ लागली. आमचा फोरमन धुसफुसत होता, त्यानं चहा बंद केला. मी वाट पाहत होतो. जिनिंगमध्ये, जेवताना, फोन ताटाशेजारी ठेवून. पूर्वी फोनवर बोलता बोलताही मी त्या दिवसांपेक्षा नीट जेवत होतो.

एका सकाळी फोन आला. साडभाऊ.

"साडभाऊ, पांढुर्णा खाली काऊन दिसून राहिला जी? गेले-आले सगळे पाह्यले. बरोबर आहे. फोरमनले विचारलं तं तो म्हनते मले काय मालूम."

मी इतके महिने या फोनसाठी थांबलो होतो. तो आल्यावर वाटायला हवं होतं ते सगळं वाटलं. अगदी भरून वाटलं. मग ते लगेच संपलं, आणि पलीकडे तो थांबून होता. त्याच्या मागे सौंसरच्या मशीनचा आवाज येत होता.

मी त्याला ओल्या कापसाचं सांगितलं. घट कशी धरायची, किती दिवसांच्या कापसाला धरायची, पुढच्या वेचणीला का धरायची नाही, सगळं.

"अच्छा," तो म्हणाला. टाइप करत असावा. "हे पावसाळ्यात राहून गेलं आपल्यानं. इसरले असान तुमी."

त्यानं मला वाट करून दिली होती. मी हो म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं.

"इसरलो नाही," मी म्हणालो. "ठेवलं होतं."

मी पुढचंही सांगून टाकलं.

"तुनं मले फोन करावा म्हणून ठेवलं होतं."

मग तो म्हणाला, "अंगनात पानी घातलं तवाच मले वाटलं होतं तुमाले ठाऊक आहे. तुमी हात लई वेळ पुसले."

"मंग बोलला काऊन नाही?"

"काय बोलू जी? मोठे आहा तुमी. अन् मले तुमीच लावलं इथं." मग म्हणाला, "राग आला होता पन. बायकोले बोललो मी. तुमाले नाही बोललो."

"मले बोलायचं होतं."

"आता बोलून राहिलो ना."

मी खुर्चीत सरकून बसलो. मी त्याची माफी मागायला हवी होती आणि तोंडातून भलतंच आलं. मी म्हणालो, "ही घट मी टाकू का? मेजर मी लिहितो. तू सांग, मी टाइप करतो."

"तुमाले येते?"

"थोडं येते. लपून शिकलो."

तो हसला. त्यात टोमणा नव्हता, म्हणून मला ते लागलं. त्यानं मला पासवर्ड सांगितला. मी ते उघडलं. त्याची सगळी मेजरं एकाखाली एक, साध्या मराठी नावांनी, इतकी नीटनेटकी की मला पुन्हा हेवा वाटला. मी घटीचं गणित लिहिलं, उताऱ्यात जोडलं आणि त्याला तसं सांगितलं.

"तिथं नाही जी," तो म्हणाला. "'पिंजलेला कापूस' आहे ना, त्याच्यात जोडा. मंग सगळीकडं आपोआप जाते."

मी पुसलं. जिथे सांगितलं तिथे जोडलं. पांढुर्ण्याची पट्टी वर आली, सौंसरची होती तिथेच राहिली, आणि दोन्ही जवळजवळ सारख्या उंचीच्या झाल्या. मी त्यांच्याकडे बघत असताना तो म्हणाला, "नाव द्या त्याले."

मी 'ओल्याची घट' असं लिहिलं आणि सेव्ह केलं.